उसळी

“उसळी बंद करा, मंगच मी फायनल खेळतो,” कपिल खुर्चीवरून उठत म्हणाला.

यवतमाळच्या त्या मंगल कार्यालयात एकदम गलका झाला. ‘रणगर्जना’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा आठवा भाग नुकताच आला होता आणि त्याची स्पर्धा चालू होती. अंतिम सामन्यात एकीकडे चाळिशीतला कपिल होता आणि दुसरीकडे दिग्रसची अकरावीतली गझाला.

गझालाचे वडील तारिक पहिल्या रांगेत बसले होते. ते दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पोरवयात बसस्टँडमागच्या गेमच्या दुकानात त्यांना कोणी हरवू शकत नसे. गेममधला डोक्यानं धडक देणारा एक पहिलवान ते खेळायला घेत. त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं, पोरांनी त्याला ‘बोकड्या’ केलं होतं. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात सापडलं की सुटका नसे. मार अडवत राहायचं, दम धरायचा आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहायची. कपिल हे सगळं त्यांच्याकडूनच शिकला होता.

आठव्या भागात मात्र एक बटण दाबलं की बोकड्या कोपऱ्यातून थेट उडी मारून बाहेर पडायचा. हीच उसळी.

“मुर्दा करून टाकला गेम,” तारिक घरी पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “मार सोसायचाच नाई तं मर्दानगी कायची?”

“अब्बू, बोकड्या तोच ठेवला न त्यायनं? मंग त्याले उडता आलं तं बिघडलं काय?” गझाला म्हणाली होती. “उसळी नसती तं आमी पोट्टे आलोच नसतो खेळाले.”

तरीही जिनिंगमध्ये, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला तारिक सांगत राहिले, की खरा गेम जुनाच.

म्हणूनच आता स्पर्धा भरवणारा नयन त्यांच्याकडे वळला. “तारिकभाऊ, नियम तं नव्याचा सांगतला होता. पण यात जुन्या पद्धतीचीही सोय हाये. तुमी सांगा, काय करू?”

सगळी जुनी मंडळी त्यांच्याकडे पाहू लागली. तारिक सावकाश उठले.

“जो कायदा सांगून पोट्टे बोलावले, तोच राहीन. नव्यावरच खेळवा.”

मागून आवाज आला, “पोरगी फायनलले आली तं पलटले भाऊ!”

हशा पिकला. तारिकांचा चेहरा उतरला. आयुष्यात शब्द फिरवल्याचा ठपका त्यांच्यावर कधी आला नव्हता. ते काही बोलणार, तोच गझाला म्हणाली, “नयनभाऊ, जुन्यावर लावा.”

“काहून?” तारिक तिच्याजवळ गेले. “तुहा हक्क हाये बेटा. कायले सोडून राह्यली?”

“माहाच हक्क हाये न? मंग सोडाचा का ठेवाचा, ते मीच पाहीन.” तिनं आवाज खाली आणला. “हरली तं हरली. पण तुमाले कोणी पलटले म्हणाचं नाई.”

खेळ सुरू झाला. पहिली फेरी कपिलनं सहज मारली. दुसरीतही त्यानं तिच्या बोकड्याला कोपऱ्यात कोंडलं. गझालाचा अंगठा सवयीनं उसळीच्या बटणाकडे गेला आणि परत आला. ती अडवत राहिली. मार बसत होता, तरी तिनं घाई केली नाही. कपिलनं एक लाथ उगाच लांबवली आणि तिनं त्याच क्षणी धडक दिली. मग तिनं त्याला उठूच दिलं नाही. जुनी मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. तारिक मात्र बसूनच होते. त्यांचा अंगठा गुडघ्यावर बटणं दाबत होता.

तिसरी फेरी अगदी अटीतटीची झाली, पण शेवटी कपिलच जिंकला.

तो उठला आणि त्यानं गझालाशी हात मिळवला. “इतकं तं मले फक्त तुह्या अब्बूनं रडवलं होतं. आता एक डाव नव्यावर खेळतं का? मले ते उसळी जमतच नाई.”

नव्या डावात तिनं त्याला पार धुऊन काढलं. कपिलच सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग पोरंही पुढं सरकली, जुनी मंडळीही. एकाच पडद्यासमोर दोन्ही पद्धतींचे डाव रंगले.

संध्याकाळच्या दिग्रस गाडीत बापलेकींना जागा मिळाली. गझाला खिडकीशी टेकून झोपली. तिच्या मांडीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा छोटा चषक घसरू नये म्हणून तारिकांनी त्यावर हात ठेवला होता. बोरी अरब मागं पडल्यावर कंडक्टर आला.

“एक फुल, एक महिला. दिग्रस,” तारिक म्हणाले.

तिकिटं देताना कंडक्टरची नजर चषकावर गेली. “वा! पोरगी जिंकली वाटते?”

“नाई, हरली,” तारिक म्हणाले. मग त्यांनी ताठ बसत आवाज जरा चढवला, पुढच्या-मागच्या बाकांनाही ऐकू जाईल इतका. “माही पोरगी हाये ते. गझाला.”