नववा रकाना

खुलासा. कच्चा.

महोदय, आपल्या पत्रात विचारलं आहे की आमच्या उपकेंद्रातल्या तांबीच्या अर्जावरून रकाना क्रमांक ९, "पतीची सही", गेल्या दोन महिन्यांपासून गायब का आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा न दिल्यास आपलं काही म्हणणं नाही असं समजण्यात येईल.

म्हणणं आहे. लई आहे.

(खोडलं. सरकारी कागदावर "लई" चालत नाही.)

म्हणून आधी ते इथं लिहून काढते, जुन्या अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. हे कागद कार्यालयात जाणार नाहीत, कारण यात एका बाईचं नाव आहे आणि तिच्याविषयी असं काही आहे जे कुणालाच सांगायचं नसतं. कार्यालयाला दोन ओळी पाठवीन. मी शिवानी, या उपकेंद्राची सिस्टर, मूळची किनवटची. बदली होऊन सव्वा वर्ष झालं.

रकाना १. नाव

साक्षी. आडनाव लिहीत नाही. माहेर उपकेंद्राच्याच गावचं, सासर उदगीरजवळचं. नवरा वीरेश, उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकानावर.

रकाना ४. हयात अपत्ये

मुलगी, दीड वर्ष. मुलगी, दहा आठवडे. दोन्ही सिझर. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी टाके काढताना बजावलं होतं, तीन वर्षं दिवस जाता कामा नयेत, शिवण उसवेल. साक्षीनं ते मला जसंच्या तसं सांगितलं, "उसवेल" या शब्दावर बोट पोटाकडे नेऊन.

तिला घेऊन आल्या चतुराबाई, आमच्या आशाताई. पंधरा दिवस मागं लागून पोरीला तयार केलं होतं.

"सिस्टर, आज हिची तांबी. बाळंतपणाला आलीया तवर उरकून टाका. एकदा सासरी गेली की झालं."

बीपी घेतलं, तपासलं, सगळं विचारलं. अर्ज भरत आठव्या रकान्यापर्यंत आले. तिनं सही केली, छान वळणदार. बारावी झालेली आहे.

"नवरा आलाय?"

"ते कशाला येतेत? तांबी मला बसवायची."

चतुराबाई हसल्या. मी हसले नाही. मला तेव्हा हसायला हवं होतं.

"त्यांची सही लागते."

"त्यांना कळलं तर सही कुठली, आजच गाडी घिऊन येतेल न्यायला. सासूला नातू पायजे. 'अजून एक बघू' म्हणतेत. बघू. जसं काय दुकानात लुगडं बघायचंय."

"मग तीन महिन्यांचं इंजेक्शन तरी द्या," चतुराबाई म्हणाल्या.

इंजेक्शनलाही हाच कागद जोडायची आमच्याकडे पद्धत.

"फॉर्मवर रकाना आहे, साक्षी. मी काय करू?"

हे वाक्य मी बोलले. तांबी माझ्या हाताशी होती, फुकट, सीलबंद, दहा वर्षं चालणारी. बसवायचं प्रशिक्षण माझं झालेलं. पुढे बाई बसलेली, तिला ती हवी. आणि मी म्हणाले, मी काय करू.

रकाना ९. पुढचा मंगळवार

साक्षी एकटीच आली. घरी नेलेला अर्ज पुढं केला. नवव्या रकान्यात निळ्या शाईत वीरेशची सही होती.

सहीखालचा फराटा आठव्या रकान्यातल्या फराट्यासारखा होता. हुबेहूब.

"ही त्यांची?"

"हाव."

"तुझ्यासारखीच करतात की सही."

"एका घरात राहून गुण लागतो, सिस्टर."

मला हसू आलं होतं, खरंच. तरी मी कागद परत केला. उद्या चौकशी झाली तर माझी नोकरी जाईल, वर हेही सांगितलं. म्हणजे तिनं तिची शिवण सोडून माझ्या नोकरीची काळजी करावी अशी माझी अपेक्षा होती.

तिनं कागदाची नीट चौपदरी घडी घातली.

"आमच्याकडं म्हशीला टोचायला ढोराचा डॉक्टर येतो," ती म्हणाली. "तोबी मालकाला इचारल्याबिगर सुई लावत न्हाई. मला उगंच वाटलं, हितं येगळं आसंल."

रकाना ९. त्याच्या पुढचा मंगळवार

कुणी नाही.

"नेली की तिला," चतुराबाई म्हणाल्या. "बोळवण झाली शनिवारी. जाताना माझ्याकडं बघितलंबी न्हाई पोरीनं."

माझ्याकडे काम नव्हतं. मी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले. आणि वर्षभर जे दिसलं नव्हतं ते दिसलं. आठ रकान्यांच्या रेघा सरळ होत्या, छापील. नववी उजवीकडे उतरत गेली होती. प्रत्येक कागदावर, त्याच जागी, तेवढीच. "पतीची सही" ही अक्षरंसुद्धा हातानं लिहिलेली होती, बाकीच्यांपेक्षा जरा मोठी.

कपाटात माझ्या प्रशिक्षणाची फाइल होती. त्यातला मूळ अर्ज काढला. रकाने आठ.

अक्षर दवाखान्याच्या जुन्या कारकुनांचं, शेषेरावांचं, असं चतुराबाई म्हणाल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. रिटायर झाल्याला बरीच वर्षं झालीत. अंगणात चिंचा फोडत बसले होते. कागद दाखवला.

"ही? ही मीच वडली की." बोटाला चिकटलेली चिंच पुसून त्यांनी कागद उन्हाकडे धरला. "फूटपट्टी सायबाच्या ड्रावरात, चावी सायबाजवळ. मग चष्म्याच्या डबीनं वडली. म्हून जरा घसरलीय."

"पण का ओढली?"

"रामकिशन म्हणून एकजण आला होता दवाखान्यात, दारू पिऊन. माझ्या बायकूला मला न इचारता तांबी कशी बसवली म्हणून. लई तमाशा केला. साहेब म्हणले, शेषेराव, हितून पुढं सही घेत जावा. वडली रेघ."

"लेखी आदेश?"

"तोंडी. त्या रामकिशनपुरतंच होतं ते." ते कागदाकडे बघत राहिले. "चौदा-पंधरा वर्षं झाली. अजून हाय व्हय?"

चेहऱ्यावर, खरं सांगते, थोडा अभिमान होता.

"त्याच्या बायकोचं काय झालं?"

"काढली तांबी. पुढचं मला काय म्हाईत?"

पंधरा वर्षं. दर मंगळवार. किती जणी या घसरलेल्या रेघेवरून घरी परत गेल्या ते मला सांगता येणार नाही. तांबी बसवलेल्या बाईची आमच्याकडे तीन ठिकाणी नोंद होते. परत पाठवलेल्या बाईसाठी एकाही रजिस्टरात जागा नाही. एका दारुड्याला चुकवण्यासाठी अख्ख्या परिसरातल्या बायकांना त्याच्या बायकोच्या जागी बसवलं आणि त्याला आम्ही नियम म्हणत आलो. मीही म्हणत आले. एकदाही मूळ कागद काढून बघितला नाही.

(हे सगळं कार्यालयाला लिहिलं तर "उद्धट भाषा" म्हणून दुसरी नोटीस येईल.)

रकाना ६. शेवटच्या पाळीची तारीख

साक्षीचा फोन वीरेशकडे असायचा, त्यामुळे फोन करता येईना. बाळाचं लसीचं कार्ड मात्र आमच्याकडे राहिलं होतं. चतुराबाईंनी निरोपावर निरोप धाडले, डोस चुकलाय, कार्ड इथंच आहे, इथंच यावं लागेल. सात आठवडे गेले.

आली तेव्हा सोबत सासू होती, मल्लम्मा. लसीला सून एकटी येत नाही, हे ठरलेलंच. चतुराबाईंनी म्हातारीला बाहेर बाकावर बसवून पानाची चंची उघडली.

आत मी साक्षीपुढे आठ रकान्यांचा कागद ठेवला. "सही लागत नाही. कधीच लागत नव्हती. माझं चुकलं."

तिनं कागदाला हात लावला नाही.

"पाळी चुकलीया, सिस्टर."

तपासणीची पट्टी पाच मिनिटं टेबलावर पडून होती. दोघी तिच्याकडे न बघता बसलो. बाहेर मल्लम्मा चतुराबाईंना सांगत होत्या, अवंदा नातू झाला की गुरुबसवेश्वराला अभिषेक घालणार.

दिवस गेले होते.

"ठेवायचं का नाही, ते तू ठरव," मी म्हणाले. "नको असेल तर लातूरला सरकारी दवाखान्यात होईल. फुकट."

"त्याला त्यांची सही?"

"नाही. कायद्यानं फक्त तुझी."



"म्हणजे पोट पाडाया माझी सही चालती," ती म्हणाली. "राहू नये म्हणून चालत नव्हती."

मी पट्टी उचलून डब्यात टाकली.

"मला नको," ती म्हणाली. "दोन पोरी हायत्या. त्यांना आई पायजे."

बाहेर चतुराबाईंनी मल्लम्मांना सांगितलं, डोसाचा ताप येतो, चार दिवस पोरीला माहेरी राहू द्या.

"ताप काय आमच्याकडं उतरत न्हाई?"

"उतरतो की. पण कार्ड हितलं हाय, अक्का."

कार्डापुढे म्हातारीचं चाललं नाही. कागदाला या भागात किती मान आहे, ते मी तेव्हा पहिल्यांदा आनंदानं पाहिलं.

रकाना ८. लाभार्थीची सही

दोन दिवसांनी लातूर. साक्षीची आई दानम्मा, साक्षी, मी. दानम्मा जिन्यावर बाळ मांडीवर घेऊन बसून राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी जुनी शिवण बघून कपाळाला हात लावला. दोन्ही कामं त्याच टेबलावर होणार होती, आधी ते आणि लगेच तांबी.

साक्षीला दोन कागद दिले. तिनं दोन्हींवर सही केली. फराट्यासकट.

"बास?"

"बास," मी म्हणाले.

"एवढंच होतं?"

मी पेनाचं टोपण लावत बसले. ते आधीच लागलेलं होतं.

रकाना नसलेलं

येताना शिरूर अनंतपाळला उतरले. अमरनाथच्या झेरॉक्सच्या दुकानात मूळ अर्ज दिला, चाळीस प्रती सांगितल्या. आमचे अर्ज कायम त्याच्याकडेच निघतात. त्यानं कागद उलटसुलट बघितला.

"सिस्टर, ह्यातली खालची रेघ गेली."

"नाहीच ती."

"आसं कसं? हर साल पुसट व्हायची. मी सोता पेनानं गडद करून देत होतो. वरची अक्षरंबी. तुमच्या आधीच्या सिस्टर म्हणायच्या, अमरनाथ, तुमच्यामुळं आमचं काम नीट चालतंय."

तो मनापासून बोलत होता. मी चाळीस प्रती घेतल्या.

खुलासा. पक्का.

महोदय, अर्जातील रकाना क्र. ९ कोणत्या आदेशाने सुरू झाला, त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक सोमवारपर्यंत कळवावा. मंगळवारी तांबी बसवण्यासाठी सहा महिला येणार असून त्यांचे अर्ज आठ रकान्यांचेच भरण्यात येतील.