भिंतीत गेलेले टोक

मित्रांनो, मान जरा वर करा. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी गेलेली, वयाने काळपट पडलेली जी तुळई दिसते ना, ती मी. मी देवदाराची आहे. माझ्या पाठीवर गच्ची आहे आणि पोटाखाली माणसे वावरतात. त्यामुळे माझ्या जिवाला कायम घोर असतो. वर कोणी धपकन उडी मारली, की आधी माझ्या काळजात धस्स होते.

मी थंड डोंगरावर वाढले. थंडीत झाड सावकाश वाढते, म्हणून माझ्या अंगातल्या रेषा एकमेकींना चिकटून सरळ गेल्या आहेत. एका म्हाताऱ्या सुताराने मला सावलीत, खालून हवा खेळेल अशा ठोकळ्यांवर ठेवून नीट वाळवले. मग रंधा फिरवला. पहिले सालपट निघाले ते त्याने नाकाशी धरले आणि डोळे मिटले.

"हे तेल अंगात आहे तोवर वाळवी हिच्या वाटेला जायची नाही," तो घरमालकाला म्हणाला. "वजनाला हलकी, हत्याराला मऊ, उन्हापावसात वाकडीतिकडी न होणारी. पण सागवानाइतकी दणकट समजून वाटेल ते ओझं लादू नका. आणि हे टोक बघा. इथं बाहेरचं पांढरं लाकूड राहिलंय. तेल असतं ते आतल्या तांबूस गाभ्यात, पांढऱ्यात नाही. हे टोक भिंतीत जाईल तेव्हा भोवती बोटभर जागा मोकळी ठेवा. त्याला वारा लागला पाहिजे."

तशी जागा ठेवली गेली आणि मी निर्धास्त झाले.

माझ्याखालच्या खोलीत घरमालकाची मुलगी लोकरीचे कपडे रफू करू लागली. पुढे भावाला मुलगा झाला आणि ती सगळ्या घराची आत्या झाली. माझ्याबरोबर आलेल्या फळ्यांचे तिने कपाट करून घेतले होते. त्यात ठेवलेल्या स्वेटरला कधी कसर लागली नाही. गिऱ्हाइके कपडे नेताना हुंगायची आणि म्हणायची, "काय छान वास येतो हो!" आत्या वर माझ्याकडे बोट दाखवायची. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा फुगून जात असे. कोरड्या लाकडाला जेवढे फुगता येते तेवढीच!

मग भिंतीला गिलावा करायला एक गवंडी आला. माझ्या टोकाभोवतीची फट पाहून तो म्हणाला, "ही कशाला उघडी ठेवलीय? उंदीर शिरतील." आणि सिमेंटचा गोळा घेऊन त्याने ती गच्च बुजवली. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्याच भिंतीतून गच्चीचे पाणी उतरवणारा नळ गेलेला होता, आणि तो सांध्याला पाझरत होता.

मला तिथे गार लागू लागले. आधी पांढरे लाकूड भुसभुशीत झाले. गाभ्यातले तेल किडीला पळवते, सडण्यालाही बराच काळ थोपवते. पण बारा महिने ओल, वारा नाही, सुकायची सोय नाही, अशा जागी गाभा तरी किती तग धरणार? बाहेरून मी पहिल्यासारखीच दिसत होते. आतून किती उरले आहे, ते मलाही कळत नव्हते. त्या न कळण्यानेच मी जास्त पोखरले गेले.

आत्याचा भाचा आता मोठा झाला होता. तो पंप दुरुस्त करायचा. कुठलेही काम सांगा, "लगेच करतो" हे त्याचे उत्तर ठरलेले, म्हणून त्याचे नावच 'लगेच' पडले होते. एका सकाळी त्याने हजार लिटरची पाण्याची टाकी आणली आणि गच्चीवर चढवली. नेमकी माझ्या त्या टोकावर.

आत्या स्टुलावर चढून भिंतीला नाक लावून उभी होती.

"अरे, इथं देवदाराचा वास येत नाहीये. कुबट येतोय. ओल्या पायपुसण्यासारखा."

"आत्या, तुझं नाक म्हणजे ना! ओल आली असेल. रंग मारू की, लगेच मारतो."

"रंग राहू दे. आधी सुताराला दाखव. तोवर पाणी सोडू नकोस."

"इतकी वर्षं जागची हलली नाही ती तुळई. आजच काय धाड भरणार आहे तिला?"

भरणार होती, मित्रांनो! पण मी सांगणार कशी? मला तोंड नाही. माझ्याजवळ होता तो फक्त वास, आणि तो आत्याने ओळखला होता.

त्याने पंप चालू केला. टाकीत पाणी पडू लागले. ओझे हळूहळू वाढत गेले. खाली त्याची चार वर्षांची लेक, सगळ्यांची चिमणी, शिलाई मशीनपाशी बसून बटणे ओवत होती. टाकी अर्धी झाली आणि माझे टोक दबले. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढे. कर्र आवाज झाला आणि मूठभर गिलावा मशीनवर पडला.

आत्याने स्टुलावरून उतरून चिमणीला काखोटीला मारले आणि अंगण गाठले. "पंप बंद कर! पंप!"

त्या दिवशी पहिल्यांदा तो 'लगेच' म्हणाला नाही. त्याने लगेच केले.

टाकीला नळी लावून पाणी सोडून द्यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझे मला माहीत. सगळे अंगणात उभे राहून दारातून माझ्याकडे पाहत होते.

दुपारी सुतारकाम करणारी एक ताई आली. तिने आधी माझ्याखाली दोन भक्कम टेकू दिले, मग हातोडीने ठोकत गेली. मधोमध टणटणीत आवाज आला. टोकापाशी आला भद्द. तिने गिरमिटाने भोक पाडले. मधल्या भोकातून तांबूस, सुगंधी भुगा निघाला आणि टोकाच्या भोकातून काळा चिखल.

"बाकीची तुळई अजून दोन पिढ्या जाईल," ती म्हणाली. "हे हातभर मात्र गेलं."

तिने ते टोक कापले. लगेचने त्यात हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. खोलीतून दिसायची ती त्याची बाजू मात्र अगदी धडधाकट होती. हात बाहेर काढून तो आत्याला म्हणाला, "चुकलो गं." आत्याने चिमणीला त्याच्या कडेवर दिले.

ताईने देवदाराच्या नुसत्या गाभ्याचा तुकडा माझ्याशी तिरका सांधून बोल्टांनी आवळला. नळ बदलला, भिंतीत मोकळी जागा ठेवली. टाकी अंगणात चौथऱ्यावर गेली. तो नवा तुकडा सुरुवातीला फार कुरकुरायचा. आता आम्ही दोघे एकच ओझे वाहतो.

तरी खरे सांगू? माझी काळजी काही गेलेली नाही. म्हणून एक मागणे आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली तुळई, दाराची चौकट, खिडकी जिथे भिंतीत शिरते, तिथे वर्षातून एकदा हात लावा. गार लागते का बघा. हुंगा. बोटाने ठोकून ऐका. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही शेवटपर्यंत धडधाकटच दिसतो.