नावाडणीचा उजवा हात

मित्रांनो, माझ्या उजव्या मनगटाकडे जरा नीट बघा. तिथे एक सांधा दिसतो. मी दोऱ्यांवर चालणारी एक जुनी लाकडी बाहुली आहे आणि त्या सांध्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

चेक देशाच्या मोराविया भागातल्या आमच्या गावात बोहुमीर नावाच्या सुताराने मला लिंडेन झाडाच्या मऊ लाकडातून कोरलं आणि नाव ठेवलं ब्लाझेना. नाटकात मी नावाडीण. गिरणीवाला, शिकारी आणि शिपाई मला मागणी घालतात. मी तिघांनाही नदीपार सोडते आणि रिकामी नाव घेऊन परत येते. वल्हं धरता यावं म्हणून बोहुमीरने माझ्या उजव्या हाताची मूठ वळलेली कोरली होती. चेहऱ्यावर हसू कोरलं होतं.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर वर्षी माझा खेळ व्हायचा. टाळ्या भरपूर मिळायच्या, पण बाहेर पडताना लोकांची कुजबुज सुरू. हिचा कुणीतरी बुडाला असणार. गिरणीवाल्यावर मनातून मरत असणार. एक बाई तर म्हणाली, लाकडाचीच ती, तिला काय कळणार. माझं हसू कुणाला दिसलंच नाही.

झ्दिस्लावाबद्दलही गाव हेच बोलायचं, म्हणून मला जास्त लागायचं. माझ्या दोऱ्या तिच्या हातात असतात. ती चाळिशीची, बिनलग्नाची, मिश्कील, पोस्टात काम करणारी. आमच्या नाटक मंडळीचा मालक ओल्द्रिख हा तिचा काका. आमची जुनी रीत अशी की सगळ्या बाहुल्यांचे आवाज एकटा मालक काढतो, बाकीचे फक्त बाहुल्या हलवतात. म्हणजे माझा आवाज काकांचा आणि पाय झ्दिस्लावाचे.

खेळाला साठ वर्षं होणार म्हणून काकांनी शेवट बदलायचं ठरवलं. ब्लाझेनाचं गिरणीवाल्याशी लग्न. तालमीनंतर सगळे शेपूच्या रश्श्यात कणकेचे उकडलेले गोळे बुडवून खात होते आणि मी खुंटीवरून ऐकत होते.

"काका, तिला कुणी नकोय," झ्दिस्लावा म्हणाली. "एवढंच आहे."

"अगं, असं कुणी असतं का? मनात कुणीतरी असतंच."

"मी आहे की. चाळीस वर्षं तुमच्यासमोर जेवतेय."

मग तिने सांगितलं, की तिला कधी कुणाच्या देहाची ओढ वाटली नाही आणि लोक ज्याला प्रेमात पडणं म्हणतात तेही कधी झालं नाही. तिच्या एका मैत्रिणीला प्रेम वाटतं, हातात हात घेऊन बसावंसं वाटतं, पण देहाची ओढ नाही. असंही असतं. ब्लाझेना यातली कोणती ते नाटकात लिहिलेलं नाही. पण ती दुःखी आहे असं तरी कुठे लिहिलंय? काकांनी ते हसण्यावारी नेलं. रिकामी नाव बघायला कोण तिकीट काढतं, म्हणाले. साठ वर्षं लोक तीच बघायला येतायत, ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका करवत घेऊन आले. नवऱ्याच्या हातात हात द्यायला वळलेली मूठ कामाची नव्हती. मित्रांनो, त्यांनी माझा वल्ह्याचा हात मनगटापासून कापला आणि तिथे उघड्या पंजाचा नवा हात चिकटवला. डोक्यात बारीक खिळा ठोकून त्यावर नवरीचा हिरवा मुकुट अडकवला. तीस वर्षं मला आवाज देणाऱ्या माणसाने मला एकदाही ऐकलं नव्हतं.

झ्दिस्लावाने मला पाहिलं. तिने भुशातून माझी मूठ उचलली आणि खिशात टाकली.

खेळाच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. पाद्र्याच्या बाहुलीने मला विचारलं, हा नवरा मान्य आहे का. काका माझ्या आवाजात "हो" म्हणाले. आमच्याकडे जी बाहुली बोलते तिने हलायचं असतं. मी हललेच नाही. झ्दिस्लावाने दोऱ्या ओढल्याच नाहीत. मग तिने मला वळवलं. वल्ह्याचं वजन नसल्यामुळे डावीकडे झुकत, लंगडत मी नावेकडे चालू लागले.

आता काकांना बोलणं भाग होतं, कारण माझा आवाज दुसऱ्या कुणी काढायचा नसतो. ते ओरडतील असं मला वाटलं. पण त्यांनी पुतणीकडे बघितलं. मग माझ्या आवाजात, पण अगदी हळू, म्हणाले, "मला कुणी नकोय. एवढंच आहे."

खेळ संपल्यावर झ्दिस्लावाने खिशातली मूठ काढून टेबलावर ठेवली. काकांनी स्वतः ती परत बसवली.

"सांधा दिसेल गं," ते म्हणाले.

"दिसू दे."

मित्रांनो, गोष्टीत कुणी एकटं दिसलं तर लगेच त्याच्यासाठी मुकुट शोधायला धावू नका. आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा.