पहिल्या हरतालिकेचं पाणी

मुखेडहून हणमंतराव दुपारी लातूरला लेकीच्या घरी पोचले, तेव्हा विहीण केवळाबाई दारातच हसत उभ्या होत्या.

"इवाई, बरं झालं आलात! पुनम कालपासून ओकून राहिली. गोड बातमी दिसतीय. तरी निर्जळ हरतालिका धरलीय पोरीनं. पहिलीच हाय ना!"

हणमंतरावांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. पुनम भिंत धरून चालत होती. हात थरथरत नव्हते, हिसके देत होते. "अप्पा," म्हणाली, तर जीभ जड.

नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुनमची रोजची गोळी चालू असताना पाणी अन् मीठ तोडायचं नाही. उलट्या झाल्या तर लगेच दाखवायचं, नाही तर औषधच अंगात साठून विष होतं. चार वर्षांपूर्वी पुनम आठ-आठ दिवस झोपेविना धावायची, मग महिनाभर अंथरुणातून उठायची नाही. त्या गोळीनं ती सावरली, बी.एड. झाली. लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच तिला शपथ घातली होती, सासरी 'थायरॉईडची गोळी' म्हणायचं.

"जावईबापू, रिक्षा आणा. आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"थायरॉईडची," जावई अमरेश म्हणाला. त्या लिहू लागल्या.

बोललं तर लेकीचा संसार जाणार, न बोललं तर लेकच.

"लिथियम," हणमंतराव पुटपुटले. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं. "लिथियम, बाई. बायपोलर आहे तिला."

डॉक्टरीणबाई उठल्याच. सलाईन लागलं, रक्त तपासणीला गेलं. "औषध रक्तात फार चढलं असेल तर डायलिसिस करावं लागेल," त्या म्हणाल्या. अमरेश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"म्हंजे येडी पोर गळ्यात बांधली का आमच्या?" केवळाबाई कडाडल्या.

"येडी न्हाई, विहीणबाई. आजार हाय. गोळी चालू असली की तुमच्या-माझ्यासारखीच."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं?"

बाकावर दोघं दोन टोकांना बसून राहिले.

"सकाळपासून दोनदा पाणी मागितलं तिनं," केवळाबाई खाली बघत म्हणाल्या. "मीच म्हणले, कळ काढ."

"कशासाठी पाहिजे ते सांगायला मीच तिला बंदी केली होती."

नर्स बाहेर आली. डायलिसिसची गरज नव्हती. "पाणी मागतायत. घोट घोट द्या."

अमरेश हलला नाही. केवळाबाईंनी बाटली उचलली, अन् दारात थांबल्या.

"आन् ती गोळी? आता बंद का चालू?"

"ते डॉक्टरच सांगतील. आपल्या मनानं काहीच न्हाई करायचं."

"मग विचारून घ्या नीट," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर विचारा."