कन्व्हर्टरच्या मानेवरचं नाव

भगवंतरावांचा विश्वास बसायचा तो फक्त कुलपावर, आणि तोही दोनदा ओढून पाहिल्यावर. मलकापुरात त्यांचा कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस होता. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी नागपूरच्या एका वकिलाची जुनी अमेरिकन गाडी घेतली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. सगळं गाव बघायला लोटलं. पण थोड्याच दिवसांत गाडी जिथे उभी राहील तिथे लाल तेलाचं थारोळं सोडू लागली.

प्रेसमधला फिटर जानराव खाली शिरून पाहून आला.

"मालक, इंजिन आन् गिअरबॉक्सच्या मधात तेलानं भरलेला बंद डबा हाय, टॉर्क कन्व्हर्टर म्हंतात त्याले. त्याची मान गरगर फिरते, तिच्याभोवतालचं रबरी सील गेलं. मुंबईहून मांगवा. दोन मांगवा."

"दोन काऊन?"

"एखांदं बसवता बसवता फाटलं तं?"

जानराव कित्येक वर्षं प्रेसवर होता. या काळात एक खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि नेमकं हेच भगवंतरावांना खुपायचं. इतका सरळ माणूस असतो कुठे? काहीतरी मोठं हाती लागायची वाट पाहत असणार, असं त्यांचं पक्कं मत होतं.

सिलं आली. जानरावनं गिअरबॉक्स उतरवला, डबा बाहेर काढला, त्याची मान पुसून बोटानं चाचपली, वर स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि तो जेवायला घरी गेला. सकाळपासून खुर्ची टाकून पहारा देणारे भगवंतराव एकटेच उरले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हा लोखंडी भोपळा जिल्ह्यात ओळखतो कोण? जानरावनं भंगारातला दुसरा आणून बसवला, तर आपल्याला काय कळणार?

तेवढ्यात रस्त्यावरून भांड्यांवर नाव घालणारा पुंजाजी चालला होता. भगवंतरावांच्या घरी तांब्यापासून परातीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव होतं, आणि लग्नाकार्यात गेलेली चमचीसुद्धा परत आली होती. त्यांनी पुंजाजीला आत बोलावलं. डबा सगळा काळा, खडबडीत. गुळगुळीत आणि चकचकीत अशी फक्त मान.

"इथंच घाल," ते म्हणाले.

"मालक, लई कडक हाय. छिन्नी घसरते."

कशीबशी दोनच अक्षरं उमटली, 'भ. रा.' भगवंतरावांनी फडकं होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि त्या दुपारी ते निवांत झोपले.

जानराव जेवून आला. मान सकाळी तपासलेलीच होती. त्यानं गिअरबॉक्सच्या तोंडात नवं सील बसवलं, फडकं सोडलं, मानेकडे न पाहताच वरून तेल ओतलं आणि डबा जागेवर सरकवला.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव नांदुऱ्याला जाऊन आले. गाडी थांबली तशी खाली पहिल्यापेक्षा मोठी धार लागली. त्यांना राग आला, पण त्याहून जास्त समाधान वाटलं. आपला संशय खरा निघाला होता. त्यांनी प्रेसमधल्या सगळ्या माणसांसमोर जानरावला उभं केलं.

"नवं सील इकलं आन् जुनंच ठोकलं ना बे? मलकापुरातल्या एकाही प्रेसमंदी तुले काम भेटू देनार नाई."

जानरावचा चेहरा उतरला. "खोलतो," तो म्हणाला. "सर्व्यायच्या समोर खोलतो. माही चोरी निघाली तं गाव सोडून देतो."

कुणी कामावर गेलं नाही. डबा बाहेर आला. सील नवंच होतं, पण त्याच्या कडेच्या चिंध्या झाल्या होत्या. जानरावनं डब्याची मान पुसली, बोट फिरवलं, ते धारदार ओरखड्यांवर अडलं आणि तो थबकला. डबा त्यानं उजेडात धरला. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, बाकीच्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं. एकाला हसू आवरेना, तो खोकत बाहेर गेला.

"हे कोनं केलं, मालक?"

नागपूरच्या वकिलावर ढकलून द्यावं, असं भगवंतरावांच्या क्षणभर मनात आलं. पण अक्षरं त्यांचीच होती.

"म्याच घालाले लावलं," ते म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीबी पुन्हा बोट फिरवाले पाह्यजे होतं," जानराव म्हणाला. त्यानं बारीक पॉलिश पेपर घेऊन ती अक्षरं घासून काढली, मान पुन्हा गुळगुळीत केली आणि दुसरं सील बसवलं. गाडी बराच वेळ चालू ठेवली. खालची जमीन कोरडी राहिली.

"उद्या येळेवर ये," भगवंतराव म्हणाले. "झालं ते इसरून जाय."

"उद्यापासून नाई येत, मालक."

जानरावनं हात धुतले, हत्यारं पिशवीत भरली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ती पिशवी भगवंतरावांच्या पुढ्यात उलटी केली. पाने, हातोडी, पक्कड, भाकरीचं फडकं, सगळं जमिनीवर पडलं.

"पाहून घ्या. नाई तं झोप लागनार नाई तुमाले."

"अरे, राहू दे," भगवंतराव म्हणाले. हे ते मनापासून म्हणत होते. पण बोलता बोलताच त्यांची नजर खाली गेली आणि एकेका हत्यारावरून फिरू लागली. त्यांचं पाहून होईपर्यंत जानराव थांबला. मग खाली बसून त्यानं आपली हत्यारं गोळा केली.