सरूच्या अंगणातला उलटा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो, आणि सध्या उलटा आहे. माझी पांढरी पाठ आभाळाकडे आहे आणि छापील बाजू जमिनीकडे. बदलापूरहून बारवीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक ठाकरवाडी लागते. तिथल्या सरूच्या अंगणात मला चार बांबूंवर ताणून बांधलं आहे. माझ्या सावलीत बसून कुणी मान वर केली, तर त्याला सरूचाच हसरा चेहरा दिसतो आणि त्याखाली ठळक अक्षरं दिसतात : ‘यशस्वी उद्योजिका’. ही अक्षरं छापली गेली तेव्हा ती खरी नव्हती. मला खाली बघायला लाज वाटते ती त्यामुळेच.

उल्हासनगरातल्या एका छपाईच्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्या आधी त्या यंत्रातून वाढदिवसांचे आणि अभिनंदनांचे कितीतरी फ्लेक्स बाहेर पडले होते. त्या सगळ्यांवर पुढारी होते, आणि पुढाऱ्यांच्या खाली बारीक चेहऱ्यांच्या रांगा होत्या. माझ्यावर मात्र एकच चेहरा होता आणि तो एका कष्टकरी बाईचा होता. वरच्या बाजूला ‘महिला उद्योजकता प्रशिक्षण : शाश्वत विकासाकडे’ असं लिहिलं होतं. शाई वाळायच्या आतच मला स्वतःचा अभिमान वाटू लागला.

तो फोटो कसा काढला होता, हे मला नंतर कळलं. अंबरनाथला एका संस्थेने बायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. प्रशिक्षण सुरू होण्याआधी, नावनोंदणीच्या दिवशीच फोटोवाल्याने एक पांढरा एप्रन आणि सरबताच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. बाटल्या दुकानातून विकत आणलेल्या होत्या आणि त्यांवरचं लेबल खरवडून काढलं होतं. एकेक बाई पुढे येऊन तोच एप्रन घालत होती आणि त्याच बाटल्या हातात धरत होती. सरूची पाळी आली, तेव्हा वाडीतली इंदुबाई मागून म्हणाली, “एवढी ताठ नको राहू, फोटो काढतायत, सुई नाय टोचत.” सरूला हसू फुटलं. नेमका तोच फोटो चांगला आला.

मला सभागृहात व्यासपीठाच्या मागे टांगलं होतं. त्यामुळे सगळं प्रशिक्षण मी पाहिलं. प्रशिक्षिकेचं नाव रंजना. तिने प्रत्येकीला विचारलं, “तुम्ही इथे काय शिकायला आलात?” बऱ्याच जणी लाजून गप्प बसल्या. सरू उभी राहिली. “मी बदलापूरच्या बाजारात जांभळं विकते, मॅडम. पानाच्या द्रोणात भरून देते. सकाळची जांभळं संध्याकाळी मऊ पडतात. उरली तर शेळीला घालते. ती टिकवायची कशी, तेवढं शिकायला आलेय.”

“सरबत करायला शिकवणार आहोत,” रंजना म्हणाली. “शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष करूनच दाखवेन.”

रंजना मनापासून शिकवायची, हे मला सांगितलंच पाहिजे. भाव कसा ठरवावा, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, फोनवर पैसे कसे घ्यावेत, हे सरू तिच्याकडूनच शिकली. शेवटच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या बाजूला शेगडी, पातेली आणि रिकाम्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. सरूने वाडीतून टोपलीभर जांभळं आणली होती. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांना लवकर निघायचं होतं. सत्कार झाले, भाषणं झाली, प्रमाणपत्रं वाटली गेली. प्रात्यक्षिक आपण नंतर कधीतरी घेऊ, असं रंजनाने जाहीर केलं आणि सभागृह रिकामं करायची वेळ झाली. पातेल्यांवरची झाकणं कुणी उचललीच नाहीत. सरू प्रमाणपत्र आणि जांभळांची टोपली घेऊन घरी गेली.

त्या दिवशी काढलेल्या प्रत्येक फोटोत मी आहे, पाहुण्यांच्या डोक्यामागे.

त्यानंतर संस्थेने मला बदलापूरच्या बाजारात एका वळणावर, लोखंडी कठड्याला बांधलं. योगायोगाने सरूची बसायची जागा त्याच कठड्याखाली होती. वर हसणारी सरू आणि खाली टोपली घेऊन बसलेली सरू, असं दृश्य झालं. कुणालाही ते बघून थांबावंसं वाटे.

“ह्या तुम्हीच ना?” गिऱ्हाईक विचारायचं. “मग सरबत कुठे आहे?”

“अजून नाय करत, ताई. जांभळं घ्या, गोड हायत.”

सरूचा द्रोण नेहमी शीग लावून भरलेला असे. वर पुन्हा मूठभर जांभळं पडत. वाडीतल्या बायकांची ही रीतच आहे. काठापर्यंतच भरलेलं माप देणं त्यांना कंजूषपणाचं वाटतं. पण आता गिऱ्हाइकांचं लक्ष द्रोणाकडे नसे, माझ्याकडे असे. शेजारचा भाजीवाला आनंदा रोज म्हणायचा, “मॅडम, आम्हाला पण घ्या कामाला तुमच्या फॅक्टरीत.” पहिल्यांदा सरू हसली. नंतर तिने पदर कपाळावर ओढून घ्यायला सुरुवात केली.

एके दिवशी होतचंदशेठ आले. उल्हासनगरात त्यांचं सुकामेवा आणि सरबतांचं दुकान आहे. दर हंगामात ते सरूकडून जांभळं न्यायचे. त्यांनी आधी मला पाहिलं, मग तिला.

“अरे वा, सरूबाई. हमको बताया नहीं? सरबत की एक क्रेट दे दे. दुकान में सामने ठेवतो.”

सरूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती ‘नाही’ म्हणणार होती, याची मला आजही खात्री आहे. पण वर तिचाच चेहरा बाटल्या धरून हसत होता. मी हसू थांबवू शकत नव्हतो. माझ्यावर दुसरं काही छापलेलंच नव्हतं.

“देते, शेठ,” ती म्हणाली.

तिने अंदाजाने सरबत केलं आणि शेठनी पाठवलेली क्रेट भरून उल्हासनगरला पोचतं केलं. काही दिवस बरे गेले. मग एका भर बाजाराच्या सकाळी होतचंदशेठ रिक्षातून उतरले. हातात तीच क्रेट होती. त्या दिवशी सरूबरोबर तिची सासू ठमाबाईही बसली होती.

“सरूबाई, हे परत घे,” शेठ म्हणाले. “कल दोपहर को एका बाटलीचं झाकण उडालं. दुकानाच्या छताला जांभळा डाग पडलाय. गिऱ्हाईक बोला, शेठ, फटाके भी रखते हो क्या?”

ठमाबाईने एक बाटली उघडली. फेस तिच्या मनगटावरून खाली ओघळला. तिने वास घेतला. “हे आंबून चढलंय. शेठ, याला सरबत नाय म्हणत. आमच्याकडं हे लग्नाला काढतात.”

सगळे हसले. शेठही हसले. “वही तो. मैंने चख लिया, चांगलं होतं. पण दुकानात माझी आई बसते.”

पुन्हा हशा झाला. तेवढ्यात भाजीवाल्या आनंदाने मान वर करून माझ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली, एकेक शब्द सावकाश : “यशस्वी. उद्योजिका.”

सरू हसली नाही. तिने क्रेट उचलली. शेठनी आवाज खाली आणला. “बाई, येत नव्हतं तर बोलायचं ना. मी थांबलो असतो.”

ती क्रेट घेऊन निघून गेली. जांभळांची टोपली ठमाबाईने एकटीने विकली. मित्रांनो, त्या दिवशी माझी एखादी दोरी तुटावी आणि मी दुमडून पडावं, असं मला फार वाटलं. पण मला नीट बांधलेलं होतं.

पुढे बरेच दिवस सरू बाजारात आली नाही. जांभळांचा हंगाम थोडा असतो आणि तो असा घरात बसून चालला होता. मग एका दुपारी ती विळा घेऊन आली आणि माझ्या दोऱ्या कापू लागली. पालिकेचा मुकादम तिथेच होता.

“ओ बाई, कुणाला विचारून काढता?”

“लावताना मला विचारलं होतं का?”

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग खालची गाठ त्याने स्वतः सोडून दिली.

घरी नेल्यावर सरू मला फाडणार होती. ठमाबाईने अडवलं. “कापड मजबूत हाय. सावलीला होईल. काय लिवलंय त्याच्यावर?”

“शाश्वत विकास.”

“म्हंजे?”

“कायम टिकंल असा.”

ठमाबाईने मला चिमटीत धरून ताणलं. “मग ह्ये प्लास्टिकच टिकंल. तू आन् मी जाऊ, ह्ये ऱ्हाईल.”

तिचं म्हणणं खरं होतं. माझ्यावर झाडांची हिरवी चित्रं आहेत, पण मी मातीत कुजत नाही. सरूने मला चुलीपासून लांब, चेहरा खाली करून बांधलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आता फक्त पांढरं कापड दिसत होतं.

मग एका सकाळी रंजना वाडीत आली. नवीन तुकडी सुरू होणार होती. सरूने येऊन आपल्या यशाबद्दल चार शब्द बोलावेत, असं तिला वाटत होतं. “तुम्ही फोन उचलत नाही, सरूताई. म्हटलं, समक्षच जावं.”

सरूने परत आलेल्या बाटल्यांतली एक आणून तिच्यासमोर ठेवली. “हे सांगू?”

रंजनाला आधी समजलं नाही. सरूने सगळं सांगितलं. बाटल्या विहिरीच्या पाण्याने धुतल्या होत्या. जांभळाची चव राहावी म्हणून साखर कमी घातली होती. आणि बाटल्या अगदी तोंडापर्यंत भरल्या होत्या.

“तोंडापर्यंत का?”

“कमी दिल्यासारखं वाटू नये म्हणून.”

रंजनाने वर पाहिलं. तिथे मी होतो. तिने लगेच मान खाली घातली. “त्या दिवशी पाहुण्यांना वेळ नव्हता,” ती म्हणाली.

“त्यांना येळ नव्हता, म्हणून आमचा घेतलात,” सरू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला भाव सांगावा, तशी ती बोलली.

रंजनाने ती बाटली उचलून बाजूला ठेवली. मग रंजना म्हणाली, “तो दिवस तुमचा माझ्याकडे राहिलाय. झाडावर अजून जांभळं आहेत का?”

“वरच्या फांदीला थोडी हायत.”

दोन दिवसांनी रंजना पिशव्या घेऊन आली. बरोबर फोटोवाला नव्हता. इंदुबाई आणि वाडीतल्या आणखी काही बायका माझ्या सावलीत बसल्या. रंजनाने आधी बाटल्या पाण्यात उकळायला लावल्या. गर गरम करून गाळायला लावला, साखर आणि लिंबाचं सत्त्व मोजून घालायला लावलं. सरबत गरम असतानाच भरायचं आणि बाटलीची मान रिकामी ठेवायची, हे तिने दोनदा सांगितलं. तिथे सरूचा हात अडला.

“रिकामी दिसतेय हो, मॅडम. गिऱ्हाईक काय म्हणंल?”

“म्हणू दे. वर जागा नसली तर झाकणावर दाब येतो. ती जागा सरबताचीच आहे असं समजा.”

इंदुबाई म्हणाली, “सरू, एवढी मूठ आवळायला तुला आजच शिकवतायत.” बायका हसल्या, आणि या वेळी सरूही हसली. तो फोटोतला हसरा चेहरा नव्हता. तिचे केस विस्कटलेले होते आणि कोपरापर्यंत हात जांभळे झाले होते. मी वरून पाहत होतो. माझ्यावरचा फोटो खऱ्या माणसाचा आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं. त्यामुळे लाज कमी झाली नाही, उलट वाढली.

शेवटच्या जांभळांच्या थोड्याच बाटल्या झाल्या. सरू शेठची क्रेट धुऊन, त्यात त्या बाटल्या ठेवून उल्हासनगरला गेली. परत आल्यावर तिने ठमाबाईला सांगितलं, “मी म्हटलं, शेठ, विकू नका. दुकानात नुसत्या ठेवा. गणपतीपर्यंत बघा. फुगल्या तर बाजारात आणा, सगळ्यांसमोर आणा.”

“मग काय म्हनला?”

“म्हणाला, दुकानाचं छत नुकतंच रंगवलंय. पण ठेवून घेतल्या.”

त्यानंतर वाट पाहणं आलं. रिक्षाचा आवाज झाला की सरू हातातलं काम थांबवायची. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक रिक्षा वाडीत शिरली आणि होतचंदशेठ क्रेट घेऊन उतरले. सरू दारात उभी राहिली. ती क्रेटकडे बघत होती.

क्रेट रिकामी होती.

“बाटल्या कुठं गेल्या?” तिने विचारलं.

“अम्मा पी गई. मी बोललो, सरूबाईने विकू नको सांगितलंय. अम्मा बोली, मैं कहाँ खरीद रही हूँ?” शेठनी क्रेट माझ्या सावलीत ठेवली. “ही इथेच राहू दे. जांभळं येतील तेव्हा भर. तब तक मैं रुकता हूँ.”

ते गेल्यावर इंदुबाईने वर बोट दाखवलं. “आता तरी पालटून लाव की हा. रस्त्यावरून दिसू दे लोकांना.”

सरूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाजारात पाहिलं होतं, तसं तिने पाहिलं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “क्रेट अजून रिकामी हाय. भरली की बघू.”

म्हणून मी उलटाच आहे, मित्रांनो, आणि ते बरोबर आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कार्यक्रम कराल, तुमच्या हातून माझ्यासारखे फ्लेक्स छापले जातील. तेव्हा एवढंच करा. ज्या माणसाचा चेहरा छापणार असाल, त्याला आधी विचारा. त्याला शिकवायचं कबूल केलं असेल, तर आधी ते शिकवा, पाहुणे ताटकळले तरी चालतील. आणि मला उतरवाल तेव्हा नाल्यात टाकू नका. मी कुजत नाही, आणि माझ्यावर जे लिहिलेलं असतं तेही माझ्याबरोबर तसंच उरतं. ते खरं होईपर्यंत मला कुणाच्या तरी डोक्यावर सावली म्हणून बांधून ठेवा.

खाली क्रेट आहे. समोरच्या जांभळीला अजून मोहोर यायचा आहे.