पास केलेली हवा

नळी गरम ठेवायची, एवढंच तर काम होतं हो! गॅस टर्बाइनच्या धुराड्यातला वायू त्या लांब नळीतून मापनयंत्रापर्यंत न्यायचा. नळी गार पडली की वाफेचं पाणी होतं, विषारी वायूचा काही भाग त्यात विरघळतो आणि यंत्र बिचारं कमी आकडा दाखवतं. धुराडी तपासणाऱ्यांत तो सगळ्यात जुना, नवख्यांना हे तोच शिकवायचा. आणि स्वतः? नळी तापवणाऱ्या डब्यावर एकशेवीस अंश दिसले की स्वारी खूश. नळीला हात म्हणून लावला नाही कधी.

आज लावला, तोही धुराड्याच्या माचीवर वारा झोंबत होता, बोटं शेकावीत म्हणून. डब्यावर एकशेवीस, आणि नळी थंडगार! सोडवून उलटी धरली तर पाणी ठिबकलं.

दोन वर्षं हीच नळी. दोन वर्षं आकडा बावीस, मर्यादा पंचवीसची.

धुराड्याखालच्या वसाहतीत त्याची ताई राहायची, दम्यानं बेजार. "या हवामास्तर! आमची हवा पास की नापास?" दारातच विचारायची. "पास, ताई, फर्स्ट क्लास!" भाऊजींनी नदीपलीकडे घर पाहिलं, तर तिनं ते हसण्यावारी नेलं. मागच्या महिन्यात धाप लागली, ती तिला घेऊनच गेली.

त्यानं दुसरी नळी जोडून पुन्हा मोजलं. एकेचाळीस.

"यंत्र बिघडलं असेल," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. "जुनाच आकडा टाका की!"

"जुना आकडाच खोटा होता, साहेब."

दोन वर्षांचे सगळे अहवाल चुकीचे आहेत, चूक माझी, असं लिहून त्यानं सही ठोकली. नोकरी गेली तर गेली. भाऊजींना सांगायचं मात्र बाकी होतं; तो तसाच वसाहतीत गेला.

भाऊजी एकटेच चहा गाळत होते. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरा कप काढला, त्याच्यापुढे ठेवला.

"धाप लागली की मी विचारायचो, खिडकी लावून घेऊ का," ते म्हणाले. "नको म्हणायची. माझ्या भावानं पास केलेली हवा आहे, येऊ दे."

खिडकी अजून उघडीच होती.